ताऱ्यांकडे पाहणारे मासे

जन्मभर वरणभातावर वाढलेल्या माणसानें उतारवयांत माशांच्या पदार्थाविषयीं लिहावयास बसावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, आजोळींही नाहीं. मी प्राथमिक शाळेंतला निवृत्त शिक्षक. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला आणि वडिलांच्या धाकानें अमरकोश व थोडेंबहुत काव्य पाठ केलेला. शतपथ ब्राह्मणांतली मनूची आणि माशाची कथा मुलांना रंगवून सांगावी, आकाशांत मीन रास दाखवावी, एवढाच काय तो माझा मत्स्यकुळाशीं संबंध. असें असूनही २०१९ सालीं डिसेंबरच्या २३ तारखेस, विलायतेच्या पश्चिम टोंकाला, एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरांत मीं माशाचा एक घांस आपण होऊन मागून घेतला. घरीं परतल्यावर ही गोष्ट मीं मोजक्याच लोकांना सांगितली, आणि ज्यांना सांगितली त्यांनीं एकच विचारलें, “चव कशी होती?” चवीची हकीकत मी पुढें सांगणारच आहें. पण तो घांस मागावासा कां वाटला, हें कोणी विचारलें नाहीं; आणि सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे.

माझी मुलगी डॉक्टर असून ती व जांवई त्या वेळीं कॉर्नवॉल परगण्यांतील ट्रुरो या शहरीं राहत होतीं. त्यांच्याकडे हिंवाळ्यांत महिना-दीड महिना काढण्याचा योग आला. कॉर्नवॉलमध्यें कोंकणच्या माणसास फारसें परकें वाटत नाहीं. तसेच समुद्रांत घुसलेले कडे, तशाच खाड्या, तशींच लहान लहान बंदरें. आणि पोटासाठीं मुलूख सोडून जाणारीं माणसेंही तशींच. आमचे चाकरमाने मुंबईस गेले. तिकडच्या तांब्याच्या व कथलाच्या खाणींना उतरती कळा लागल्यावर तेथले खाणकामगार थेट ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. आपले माड आणि पोफळी मात्र तेथें नाहींत, आणि वारा असा कीं तो कानटोपीला न जुमानतां हाडांत शिरतो.

मुलीच्या एका सहकारी डॉक्टरीणबाईंची आई माउझल नांवाच्या खेड्यांत राहत असे. या गांवाचें नांव इंग्रजींत जसें लिहितात तसें वाचलें, तर त्याचा अर्थ ‘उंदराचें बीळ’ असा होतो; उच्चार मात्र माउझल. पेन्झान्सच्या स्टेशनावर उतरून, न्यूलिनचें मोठें मच्छीमार बंदर ओलांडून, सुमारें तीन मैल गेलें म्हणजे हें गांव लागतें. दगडी घरें एकमेकांना टेकून उभीं आहेत, आणि मध्यें दोन दगडी धक्क्यांनीं कवळून धरलेलें इवलेंसें बंदर आहे. दोन धक्क्यांमधील वाट फार अरुंद. तुफानाच्या लाटा आंत येऊं नयेत म्हणून हिंवाळ्यांत ती लांकडाच्या जाड तुळया टाकून बंद करतात. १५९५ सालीं स्पॅनिश लोकांनीं हें गांव जाळलें होतें. त्यानंतर तें पुन्हां उभें राहिलें.

त्या बाईंनीं आम्हांस मुद्दाम २३ डिसेंबरला बोलाविलें होतें, कारण तो त्या गांवचा सणाचा दिवस. त्याला ‘टॉम बॉकॉकची संध्याकाळ’ म्हणतात. दंतकथा अशी आहे कीं, सोळाव्या शतकांत एका हिंवाळ्यांत वादळांमागून वादळें आलीं आणि होड्या बंदराबाहेर पडेनात. नाताळ तोंडावर आला आणि गांव उपाशी. तेव्हां टॉम बॉकॉक नांवाचा एक कोळी तशा दर्यांत होडी घेऊन निघाला आणि सात जातींचे मासे घेऊन सुखरूप परत आला. ती सगळी मासळी एकाच प्रचंड ‘पाय’मध्यें भाजून गांवानें वांटून खाल्ली. हा टॉम खरोखर होऊन गेला याला कागदोपत्रीं आधार नाहीं. त्याच्यावरचें गाणें रॉबर्ट मॉर्टन नान्स या कॉर्निश भाषेच्या अभ्यासकानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तें आजही त्या संध्याकाळीं गातात. आपल्याकडील पुष्कळ व्रतकथांचाही आधार याहून मोठा नसतो. तरी व्रतें चालूं आहेत, आणि त्यांच्या निमित्तानें चार माणसें जेवतात.

‘पाय’ हा शब्द पानावर वाढतांना ऐकला तर मराठी माणूस दचकेल. पण मैद्याच्या पारीखालीं सारण घालून भट्टींत भाजलेल्या पदार्थाचें तें साधें इंग्रजी नांव आहे. या गांवच्या पदार्थाचें विशेषण ‘स्टारगेझी’, म्हणजे ताऱ्यांकडे टक लावून पाहणारा. मीं मनांतल्या मनांत त्याचें ‘नक्षत्रावलोकी’ असें संस्कृत करून टाकलें. तळाशीं बटाटे, कांदा आणि उकडलेलीं अंडीं. वर दुधांत मैदा शिजवून केलेला, मोहरी लावलेला दाट रस. कोणी त्यांत डुकराचें खारवलेलें मांसही घालतात. त्यांत पिल्चर्ड नांवाचे मासे असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या तारलीचे ते भाऊबंदच. माशांचे कांटे काढतात, पण डोकीं तोडीत नाहींत. पारीला छेद देऊन प्रत्येक माशाचें डोकें त्यांतून वर काढून ठेवतात. पदार्थ भाजून बाहेर आला म्हणजे पांच-सहा मासे खरपूस पारींतून मान वर काढून आकाशाकडे पाहत आहेत असें दिसतें. याचें व्यावहारिक कारणही सांगतात. हा मासा तारलीसारखाच तेलकट. डोकें वर असलें म्हणजे भाजतांना सुटणारें तेल बाहेर न सांडतां आंत उतरतें व सारणांत मुरतें. मुलीनें आधीं मला या पदार्थाचें चित्र दाखविलें होतें. तें पाहून मीं तोंड फिरविलें होतें, हें कबूल करावयास पाहिजे.

त्या दिवशीं दुपारीं आमच्या यजमानीणबाईंच्या लेकीनें आम्हांस टेकडीवरच्या पॉल या गांवीं नेलें. तेथील चर्चच्या आवाराच्या भिंतींत एक स्मारकशिला आहे. ती डॉली पेंट्रीथ या माउझलच्या बाईची. ही बाई मासे विकून पोट भरीत असे. कॉर्निश ही जन्मभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ति, अशी तिची ख्याति आहे. ती १७७७ सालीं वारली; आणि १८६० सालीं नेपोलियनचा पुतण्या लुई ल्यूसियाँ बोनापार्त, जो भाषांचा मोठा व्यासंगी होता, त्यानें तेथल्या धर्मोपदेशकासह ही शिला उभारली. मासळीची पाटी घेऊन हिंडणाऱ्या बाईच्या जिभेवर एक अख्खी भाषा होती, आणि एका राजकुळांतील विद्वानानें तिचें नांव दगडावर कोरविलें. संस्कृताचा अभिमान वाहणाऱ्या मला त्या शिलेपुढें उभें राहतांना आनंद झाला; आणि का कोण जाणे, थोडें ओशाळल्यासारखेंही झालें. त्याचें कारण संध्याकाळीं कळावयाचें होतें.

चार-साडेचारलाच अंधार पडला. बंदराभोंवतीं आणि पाण्यावर दिव्यांच्या मोठमोठ्या आकृति उजळल्या. नाताळांत बंदर असें उजळण्याची चाल तेथें १९६३ सालापासून आहे. मुलें कागदी कंदील घेऊन चालत होतीं. धक्क्यावरील ‘शिप इन’ या जुन्या मद्यगृहांत टॉमच्या नांवानें हा पदार्थ लोकांना फुकट वांटतात. त्यासाठीं दाराशीं दाटी झाली होती. चारच दिवसांपूर्वीं, १९ तारखेस, हेच दिवे तासभर मंद केले होते, असें आमच्या यजमानीणबाईंच्या लेकीनें सांगितलें. १९८१ सालीं त्या रात्रीं ‘युनियन स्टार’ हें जहाज इंजिन बंद पडून कड्याकडे वाहत चाललें होतें. त्यावरील माणसांना वांचविण्यास या गांवचे आठ जण ‘सॉलोमन ब्राउन’ ही लांकडी जीवरक्षक होडी घेऊन तुफानांत गेले. शिप इनचा चालकही त्यांत होता. निघतांना तांडेलानें एका तरुणाला परत पाठविलें. त्याचा बाप होडींत होता, आणि अशा रात्रीं एका घरांतले दोघे नकोत, असें त्याचें म्हणणें. चौघांना होडीवर घेतल्याचा निरोप आला आणि मग कांहींच आलें नाहीं. दोन्हीं मिळून सोळा माणसें गेलीं. टॉम बॉकॉक होता कीं नव्हता हा प्रश्न त्यानंतर मला तितकासा महत्त्वाचा वाटेना.

बाईंचें घर बंदराच्या मागील बोळांत होतें. वय ऐंशीच्या घरांतलें. नवरा मच्छीमार होता, तो वारून बरींच वर्षें झालीं होतीं. स्वयंपाकघर लहान आणि ऊबदार. टेबलावर दोन पाय मांडले होते. एकांतून सहा मासे मान वर करून छताकडे पाहत होते. दुसरा अगदीं तेवढाच, पण त्यावर मैद्याचे लहान लहान तारे कापून चिकटविलेले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि माझें इंग्रजी बेताचें म्हणून मुलीनें तें मला पुन्हां नीट सांगितलें:

“हा ताऱ्यांचा तुमचा. यांत मासा नाहीं, अंडेंही नाहीं. बटाटे आणि लीक आहे. पारीला आम्ही डुकराची चरबी वापरतों, पण आज दोन्हींना लोणीच घातलें आहे. आणि तुमचा आधीं भाजून काढला. मग माशांचा भट्टींत ठेवला. नाहीं तर त्याचा वास तुमच्या जेवणाला लागला असता.”

लीक म्हणजे कांद्याच्या पातीसारखी एक भाजी. ती कोणती हें मीं विचारलेंही, आणि मुलीनें सांगितलेंही. पण माझें लक्ष त्या शेवटच्या वाक्यापाशीं अडकून राहिलें होतें. वास लागला असता! पस्तीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

१९८४ सालची गोष्ट. पावसाळा संपून होड्या पुन्हां लागूं लागल्या होत्या. मी एका बंदराच्या गांवीं सातवीच्या वर्गावर होतों. त्या वर्गांत खारव्याचा एक मुलगा होता. पहांटे होड्या किनाऱ्याला लागल्या म्हणजे तो पाट्या वाहावयास जाई आणि तेथूनच धांवत शाळेंत येई. कपड्यांना, केंसांना, दप्तरालासुद्धां मासळीचा वास. मुलगा हुशार होता. मी शनिवारीं सुभाषितें सांगत असें. त्याची वाणी इतकी स्वच्छ कीं जोडाक्षर कधीं अडखळलें नाहीं. पण शेजारचीं मुलें नाक धरूं लागलीं, आणि गांवांतील एका वजनदार पालकानें मला रस्त्यांत गांठून तक्रार केली. दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाला भर वर्गांत उभें केलें आणि म्हणालों, “उद्यांपासून आंघोळ करून येणार असशील तरच ये. हें विद्येचें मंदिर आहे, मासळीबाजार नव्हे.” वर्ग हंसला. आपण एक चटकदार वाक्य बोललों असें मलाही वाटलें.

दुसऱ्या दिवशीं तो आला. केंस ओले होते. तरी वास होताच. तो पाण्यानें थोडाच जातो! मीं त्याला पडवींत बसून ऐकण्यास सांगितलें. तिसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. नियमाप्रमाणें कांहीं दिवस मीं त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली आणि पुढें हजेरीपटावर तांबड्या शाईनें शेरा मारला: ‘सततच्या गैरहजेरीमुळें नांव कमी केलें.’ त्याच्या घरीं मी गेलों नाहीं. घर बंदरावर होतें, आणि बंदरावर वास येई.

आणि येथें, साता समुद्रांपलीकडे, जिला माझें नांवसुद्धां धड उच्चारतां येत नव्हतें अशा एका कोळिणीनें माझ्या सोंवळ्यासाठीं दुसरें भांडें चढविलें होतें. आपल्या सणाच्या दिवशीं, आपल्या घरांत, आपल्या माशाचा वास पाहुण्याला लागूं नये म्हणून तिनें दोन वेळां भट्टी तापविली होती. मीं एक खिडकी उघडली असती, तर एक मुलगा शिकला असता.

माझा पाय मीं पोटभर खाल्ला. तो उत्तम होता. मग मीं बाईंना म्हटलें, “तुमच्यांतला मला एक चमचा द्याल काय?” मुलगी चपापली आणि मराठींत म्हणाली, “बाबा, अहो, त्यांना मुळींच वाईट वाटणार नाहीं. आग्रह नाहीं कोणाचा.” मीं म्हटलें, “आग्रह नाहीं, म्हणूनच.” आदल्याच दिवशीं एकादशी झाली होती, हें पारणें चमत्कारिकच, हा विचारही मनांत येऊन गेला.

बाईंनीं जास्त कांहीं विचारलें नाहीं. एका माशाच्या डोक्याखालची पारी फोडून तिनें थोडा बटाटा, थोडा रस आणि बोटाच्या पेराएवढा मासा माझ्या ताटलींत घातला. आतां चव. प्रथम लोण्याची खुसखुशीत पारी लागली, ती ओळखीची होती. मग मोहरीचा झणका. तोही ओळखीचा, आपल्या लोणच्यांतल्यासारखा. आणि त्यामागून तेलाची एक जड, खारट, समुद्राची चव आली, तिला माझ्या जिभेवर नांव नव्हतें. उमासा आला नाहीं. आवडला असेंही म्हणवत नाहीं. पण तो वास माझ्या बोटांना लागला, साबणानें दोनदां हात धुतले तरी रात्रीं उशाशीं होता, आणि मला तो नीट माहीत होता. पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत पहिल्या बांकावर बसत होता तोच तो.

एक घांस खाल्ल्यानें प्रायश्चित्त झालें, असा माझा समज नाहीं. मासा खाणें हें पुण्य नव्हे आणि न खाणें हें पाप नव्हे. मी आजही शाकाहारीच आहें आणि राहीन. ज्याचा अपराध केला तो माउझलला नव्हता, आपल्याच बंदरावर होता. एवढें मात्र त्या रात्रीं स्पष्ट झालें.

जानेवारीअखेर मी परत आलों आणि फेब्रुवारींत त्या गांवीं गेलों. चौकशी करावी लागली नाहीं. धक्क्यावर सगळे त्याला ओळखत होते. एका यांत्रिक होडींत त्याची भागी आहे. केंस पांढरे होऊं लागलेले. मला पाहतांच जाळें बाजूला टाकून उठला. “गुरुजी! तुम्ही इकडं बंदरावर?” त्यानें खुर्ची आणविली, चहा सांगितला. मीं येण्याचें कारण सांगितलें. तीन वेळां मनांत घोकलेलें वाक्य तोंडांतून वेडेंवांकडें बाहेर पडलें. तो मोठ्यानें हंसला.

“अहो गुरुजी, त्याचं काय एवढं घेऊन बसलात! तुम्ही नसतं घालवलंत, तरी बापसानं होडीवर नेलंच असतं मला. घरांत खाणारीं तोंडं सात.”

असें म्हणून त्यानें मला मोकळें केलें. तो क्षणभर थांबला, पाण्याकडे पाहिलें, आणि मग म्हणाला, “पण दुसऱ्या दिवशीं मी न्हाऊन आलों होतों, गुरुजी. आयेनं डोक्याला शिकेकाई लावून दिली होती. तें तुम्हांला आठवतं काय?”

आठवतें, असें मीं म्हटलें. त्यापुढें दोघांनाही बोलतां आलें नाहीं. चहा आला. कपाला मासळीचा वास होता. मीं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालों, आणि निघतांना त्यानें मला एस्टीच्या थांब्यापर्यंत पोहोंचविलें.

त्या हजेरीपटावरील तांबडा शेरा आतां कोणास बदलतां येणार नाहीं. तो पट उरला आहे कीं नाहीं कोण जाणे. म्हणून दुरुस्ती येथें करून ठेवितों. त्या मुलाचें नांव सततच्या गैरहजेरीमुळें कमी झालें नाहीं. तो न्हाऊन, वेळेवर शाळेंत आला होता. त्याच्या शिक्षकानें त्याला वर्गाबाहेर बसविलें, म्हणून झालें.